मुक्ताबाईचं डाळिंब

रामहरीची कावीळ हळदीत लपली, तिथंच सगळं बिनसलं. नवरदेवाला हळद लावली, दुसऱ्या दिवशी कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, तरी अंग पिवळंच. बायका खिदळल्या, "नवरदेवाला हळद लई चढली गं बया!" त्याला घास जात नव्हता, तेलाच्या वासानं मळमळत होतं, तर म्हणे नवरीची ओढ लागली. ह्या शहाण्यांना काय सांगावं!

थोरली बहीण मुक्ताबाई असती तर तिनं ओळखलं असतं. आईमागं तिनंच त्याला वाढवलेलं. पण ती पडली विधवा, ऐन उमेदीत कपाळ पुसून माहेरी आलेली. हळदीच्या मांडवात तिला कोण येऊ देणार? आपली सावली भावावर पडायला नको म्हणून ती आपणहूनच चुलीमागं बसून राहिली. नवरी घरात आली, तेव्हा तिनं भावाचे डोळे बघितले आणि तिथंच ओळखलं, ही हळद नव्हे, कावीळ.

तेव्हा निजामाचा अंमल. अंबाजोगाईला सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत. तिथल्या हकीमसाहेबांना बैलगाडीतून आणलं. त्यांनी रामहरीच्या उजव्या बरगडीखाली, यकृतावर बोटं दाबली, तसा तो कळवळला.

"जिगर सूज गया," हकीम म्हणाले. "पडून ऱ्हाने का. तेल नहीं, गोश्त नहीं, और दारू तो सूंघने की भी नहीं. बरसात जाने तक. अनार देव, ताकद आती, भूक लगती."

मुक्ताबाईनं एवढ्यातलं अनार तेवढं घट्ट धरलं. घरामागच्या परड्यात तिनं स्वतःच्या हातानं लावलेलं डाळिंबाचं झाड होतं. रोज उजाडताच ती फळ फोडायची, पांढरी साल काढायची, दाणे फडक्यात पिळून रस भावाच्या ओठाला लावायची. शेजारी नवी नवरी सत्यभामा वाटी धरून बसायची. पोर अजून सासरच्या उंबऱ्याला बुजत होती. तिच्या हातातला हिरवा चुडा बघितला की मुक्ताबाईची नजर आपल्या रित्या मनगटांवर जायची. भाऊ तर जगायलाच हवा होता, पण ही पोरही आपल्यासारखी कोपऱ्यात बसता कामा नये, हे तिच्या मनानं घेतलं होतं.

"पीरबाबा," तिनं पदर पसरला, "माझा भाऊ उठू दे. तुझ्या दारात बोकड कापून कंदुरीचं जेवण घालीन."

आणि रामहरी उठला की! डोळे निवळले, भाकरी मागायला लागला, सत्यभामेची चेष्टा करायला लागला. गावभर डाळिंबाचा बोलबाला झाला. मुक्ताबाई ज्याला त्याला सांगत सुटली, "माझ्या झाडानं उठवला बाबा त्याला." इतकी वर्षं खाली मान घालून वावरलेली बाई ती. तिला थोडं मिरवू द्या.

मग चुलता अर्जुनराव कंदुरीचं बोलायला आला.

"बरसात सरल्यावर करू," ती म्हणाली. "हकीमानं पथ्य सांगितलंय."

"पीराचं देणं लांबणीवर टाकती? आन् ज्याच्यासाठी नवस, त्यानंच ताटाला हात लावायचा न्हाई? पीर कोपला मंजी मग कोनाच्या दारात जाशील?"

पीराचं नाव निघालं आणि ती गारठली. मग तिनंच मनाशी हिशेब मांडला. आधी डाळिंब द्यायचं, वरून डाळिंब द्यायचं, मधल्या दोन घासांनी काय होतंय?

पीराच्या लिंबाखाली पातेली चढली. पत्रावळीवर तेलाचा लाल तवंग आला. रामहरी लहानपणी बघायचा तसं तिच्याकडं बघत म्हणाला,

"आक्का, खाऊ का गं?"

"खा राजा. डाळिंब हाय की."

जेवणं झाल्यावर भावकीतल्या गड्यांनी मोहाची दारू काढली. "घे बे, नवा जनम झाला तुझा!" रामहरीनं पुन्हा आक्काकडं बघितलं. ती पाठ फिरवून डाळिंब सोलत होती. प्याल्यावर प्याले झाले, कुणी मोजलेच नाहीत. मग तिनं सत्यभामेच्या हाती वाटी दिली, "जा, भरव त्याला. डाळिंब खाल्लं की काय बाधत न्हाई."

आठवडा झाला नाही तोच तो पुन्हा पिवळा पडला. पोट फुगलं, बरळायला लागला, आपल्या माणसांना ओळखेना. हकीमसाहेब आले, पोट चाचपून जायला उठले. मुक्ताबाईनं त्यांचे पाय धरले.

"बीबी, अनार ने अपना काम करा था," ते हळू आवाजात म्हणाले. "पन अनार से दारू नहीं धुलती."

तरी ती भरवतच राहिली. ओठातून दाणे परत उशीवर गळायचे, ती ते वेचून पुन्हा ओठाला लावायची. रामहरी गेला, तेव्हाही तिची बोटं रसानं चिकट होती. तिला तिथून उठवायला तिघी बायका लागल्या.

बायकांनी सत्यभामेचा हिरवा चुडा फोडला. तिला कोपऱ्यात बसवलं. नेमका मुक्ताबाईचाच कोपरा! मुक्ताबाईनं भिंतीवर कपाळ आपटून घेतलं.

दिवस झाले, पाहुणे पांगले. एका सकाळी सवयीनं ती परड्यात गेली, फळ तोडलं, फोडलं, सोललं. वाटी भरली तेव्हा कुठं तिला आठवलं, भरवायचं कुणाला? वाटी घेऊन ती तशीच सत्यभामेजवळ येऊन बसली.

"आक्का," पोरीनं विचारलं, "तुमी म्हनला होता, डाळिंब खाल्लं की काय बाधत न्हाई. म्या पुरी वाटी भरवली. एक दाणा बी सांडू दिला न्हाई. मग कावून बाधलं?"

"तुझ्या हातात काय खोट न्हाई पोरी. माझ्याच अकलेला कीड लागली. त्यानं मला इचारलं होतं गं... खाऊ का म्हनून इचारलं होतं."

सत्यभामा तिच्याजवळ सरकली. मग तिनं वाटीतले चार दाणे उचलले आणि मुक्ताबाईच्या तोंडापुढं धरले. "तुमी कधीच खाल्लं न्हाई ह्या झाडाचं. समदं त्यांनाच घातलं."

ते खरंच होतं. मुक्ताबाईनं तोंड उघडलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि रडता रडता तिच्या जिभेला कळलं, मेलं डाळिंब गोडच होतं.