हरित प्रयोगाची मोरी

त्या उन्हाळ्यात संभाजीनगरचं टँकरशिवाय पान हलत नव्हतं. केशवसरांच्या प्रयोगशाळेतला नळ मात्र दिवसभर मोरीत वाहायचा, आणि ते बघून श्रेयाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती सोयगावची, सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी.

काम तसं चांगलंच होतं. कडुनिंबाचा पाला उकळून अर्क काढायचा, त्यात जस्ताचा क्षार मिसळायचा, खाली बसलेला साका भाजला की झिंक ऑक्साइडचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार. कापडावर बसवले की जंतू मरतात, रंगीत सांडपाण्यात टाकून उन्हात ठेवले की रंग उतरतो. घातक रसायनं लागत नाहीत, म्हणून पद्धत 'हरित'. पण लागणारं शुद्ध पाणी वाफेतून काढावं लागे, आणि ती वाफ गार करायला बाटलीभर पाण्यामागे बादल्याच्या बादल्या चांगलं पाणी गटारात जाई. कसली डोंबलाची हरित!

तिकडे मुलींच्या वसतिगृहाची खानावळ पाण्यावाचून बंद पडायला आली होती. खानावळ बंद म्हणजे मुली घरी, आणि श्रेयाचं संशोधनही घरी. तिने वाफ गार करून मोरीत जाणाऱ्या पाण्याची नळी पिंपात सोडली. स्वयंपाकीण चतुराबाई त्या पाण्यावर भांडी घासू लागली आणि चूल चालू राहिली.

मग अनुदान देणारी समिती यायची ठरली. पाहुण्यांपुढे धुण्याभांड्यांचा पसारा नको म्हणून सरांनी पिंप हलवलं. नळी पुन्हा मोरीत गेली.

समितीतल्या एका बाईंनी विचारलं, या पद्धतीत वाया काय जातं? सरांनी लगेच सांगून टाकलं की काहीच नाही, पालासुद्धा खतात जातो.

"सर, मोरीत धार पडतेय ती ऐका," श्रेया म्हणाली. "चांगलं पाणी आहे ते. आमच्या खानावळीत आज ताट धुवायला थेंब नाही."

सर हसले आणि पोरगी भावनेच्या भरात बोलते, एवढंच म्हणाले. पाहुणे मोरीकडे न बघता चहाला गेले. सर मागे थांबले.

"प्रबंधावर सही माझी लागते, हे लक्षात ठेव."

श्रेयाला रडू फुटलं, पण ते भीतीचं नव्हतं. त्या हसण्याचा संताप तिच्या डोक्यात गेला होता. तिने स्वतः पिंप ओढत आणलं, नळी आत सोडली आणि चतुराबाईला हाक मारली. बाई दोन बादल्या घेऊन आली, पण दारात सरांना बघून थबकली.

"येऊ का व्हय आत?"

"ये," श्रेया म्हणाली. "सर, जरा सरका. मुली जेवायच्या थांबल्यात."