हिरवी झेंडी

चांगुणानं लाल झेंडी वर केली आणि सोयाबीनच्या खुंटांमधून वाट काढत चेंडू उचलला.

“कुठं गेला गं?” सूर्यभाननी जरा आवाज चढवून विचारलं.

“तुमच्या उजव्या अंगाला. रोजच्यावानी.”

“मी तर सरळ मारायलोय.”

“मग चेंडूलाच कळंना झालंय.”

ते हसले. ती पदरात चेंडू घेऊन त्यांच्याकडे चालू लागली.

झेंड्या त्यांच्या रेल्वेतल्या गार्डाच्या नोकरीतल्या. सिकंदराबादला असताना सुटीच्या दिवशी ते एका साहेबाची गोल्फची पिशवी उचलायला जात. पुढे साहेबानंच काठी हातात दिली, आणि बदली झाली तेव्हा ती देऊनच टाकली. पूर्णेला कुठलं आलंय गोल्फचं मैदान? सोयाबीन निघालं की हरभरा पेरेपर्यंत भावाचं रान मोकळं असे, तेवढंच. समोर चांगुणा उभी राही. चेंडू सरळ आला तर हिरवी, भरकटला तर लाल.

सुरुवातीला ती पार बांधावरच्या बाभळीखाली उभी राहायची. तिथून नवरा अंगठ्याएवढा दिसे. चेंडू बादलीत जमवून ती शेवटी एकदाच घेऊन यायची. मग वर्षागणिक चेंडू अलीकडे पडू लागला आणि ती त्याच्यामागे अलीकडे आली. बाभळीखालून विहिरीपल्याडच्या दगडापाशी, आणि आता विहिरीच्याही बरीच अलीकडे. एवढ्या अंतरावरून दर चार चेंडूंमागे हेलपाटा घालायला काही वाटत नसे.

आणि त्या हेलपाट्यात ते बोलत. घरात बोलणं म्हणजे गोळी घेतली का, गॅस बंद केला का. बाकी वेळ टीव्ही. इथं मात्र काठीवर रेलून ते सांगू लागत. धुक्यात रात्रभर उभी राहिलेली मालगाडी. ब्रेकव्हॅनमध्ये चढून बसलेलं कुत्रं. नोकरीभर ते गाडीवर आणि ती क्वार्टरमध्ये. यातलं तिनं काहीच ऐकलं नव्हतं. ते मध्येच थांबत. ती “मग?” म्हणाली की पुढे बोलत.

त्या आठवड्यात पुण्याहून सिद्धोधननं दोन नव्या काठ्या पाठवल्या. फोनवर समजावून सांगितलं.

“बाबा, डोकं दोन्हीचं सारखंच हाय. एकीची दांडी कडक, एकीची नरम. हात हळू फिरत असला की कडक दांडी वाकत न्हाई, चेंडू खालून उजवीकडं पळतो. नरम दांडी वाकून त्याला वर उचलती.”

“हळू? मला मालगाडी म्हणायलास व्हय रे?”

“पॅसेंजर म्हणतो, बाबा. दोन्ही मारून बघा. एक ठेवा, एक मी परत करतो.”

“मला चेंडू कुठं दिसायलाय आता? झेंडी तेवढी दिसती.”

“आई सांगंल की.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी कडक काठी घेतली. चेंडू बुटका निघाला, वळला आणि नेहमीच्या जागी पडला. चांगुणानं लाल दाखवली.

मग नरम. या वेळी आवाजच वेगळा आला. चेंडू चढत गेला, तिच्या डोक्यावरून गेला. मागे वळून ती बघत राहिली. विहीर ओलांडून, त्या दगडाच्या जरा अलीकडे माती उडाली.

ती पुन्हा वळली तेव्हा सूर्यभान कपाळावर हात धरून भलतीकडेच बघत होते.

“काय झालं? पडला का?”

दोन्ही झेंड्या तिच्या हातात होत्या. लाल वरच्या बाजूला होती. नुसतं मनगट उचललं असतं तरी ती काठी पुण्याला परत गेली असती. तिनं लाल झेंडीचं कापड तिच्याच दांड्याला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“अगं, सांग की.”

तिनं हिरवी वर केली.

“हिरीच्या पल्याड. सरळ.”

“पल्याड?” त्यांनी काठी उलटी करून तिची दांडी न्याहाळली. “खरं बोलायलीस का मन राखायलीस?”

“जाऊन बघा, खड्डा पडलाय.”

त्यांनी तिथूनच पोराला फोन लावला. “जय भीम. नरमच ठेवायची बघ, शिद्धू. हिरीच्या पल्याड! तुझ्या मायनं बघितलं ना.” ते बराच वेळ बोलत होते, मोठ्यानं हसत होते. ती चेंडू आणायला विहिरीकडे गेली.

पुढच्या सकाळी ती बादली घेऊन निघाली. दगड तिथंच होता, निम्मा मातीत रुतलेला. तिनं पदरानं दव पुसलं आणि बाजूला उभी राहिली.

काठी फिरलेली आधी दिसली, आवाज मागून आला. चेंडू सरळ आला, तिच्यापुढे पडला, लोळत दगडाला टेकला. तिनं हिरवी वर धरली.

सूर्यभाननी पुढचा चेंडू मांडला नाही. ते काठीवर रेलले. त्यांचा एक हात हलू लागला, वळणावरच्या गाडीसारखा आडवा, मग खाली, कुत्र्याच्या उंचीएवढा. वारा नव्हता, तरी शब्द पोचत नव्हता. मग हात थांबला. ते मान किंचित कलती करून तसेच उभे राहिले.

“मग?” चांगुणा म्हणाली, आणि झेंडी आणखी जरा उंच धरली.