मुलुंडचा वाटा

आमच्या घाटकोपरच्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात एक काळा डबा असतो. माझा मुलगा नितेश त्याला सर्व्हर म्हणतो. घरातल्यांच्या मोबाईलमधले फोटो, कागदपत्रं, सगळं आपोआप त्यात जाऊन बसतं. मला त्यातलं एकच हवं होतं, ह्यांचा आवाज. हे गेले, त्याच्या आदल्या गणपतीत ह्यांनी देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं नितेशने मोबाईलवर घेतलं होतं. मोबाईल बदलला, आवाज डब्यात राहिला.

गावच्या जत्रेला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. एकाने सगळ्यांसाठी देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते लिहिलेलं कुठेच नाही, बापाचं ऐकून मुलाने उचलायचं. ह्यांच्या माघारी यंदा पहिल्यांदा नितेश उभा राहायचा होता. आणि हा शहाणा म्हणे, "डब्यात आहे ना आई, दिवाळीत करतो पाठ."

डबा आणला तेव्हाच मी विचारलं होतं, "मनालीला काय?" मनाली माझी थोरली, मुलुंडला दिलेली.

"ताईला कशाला? ह्यात दोन डिस्क आहेत. एक गेली तर दुसरी आहेच. तिच्याकडे अजून एक म्हणजे उगाच."

"बाप तुझ्या एकट्याचा नव्हता. तसलाच डबा तिच्याकडे बसव."

"हा काय फणस आहे, अर्धा तिला द्यायला?"

"अर्धा कोण मागतंय मेल्या? अख्खा दे. तुझं काही कमी होत नाही ना?"

तोंड वाकडं करून बसवला. इकडे भरलं की तिकडेही उतरतं म्हणाला. मुलीला तिचा वाटा मिळाला, मी खूश.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. हे मिलमध्ये कापड विणायचे साचे चालवायचे. दसऱ्याला साच्याला हळदकुंकू, झेंडू, नारळ. मिल बंद पडली तरी रीत सुटली नाही. शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर, सगळ्यांना हार. यंदा सुनेने, प्रांजलने, काळ्या डब्यालाही फूल वाहिलं. तेवढ्याने नितेशला चेव चढला.

"बाबांसारखा नारळ फोडतो ह्याच्यासमोर."

"दारात फोड रे."

"बाबा काय दारात फोडायचे? साच्यासमोरच ना?" म्हणत त्याने कप्प्यापाशी पाटा ठेवला आणि दिला दणका. नारळ निघाला पाणीदार. अर्धं पाणी डब्याच्या जाळीतून आत गेलं. फट् झालं, दिवे विझले, करपल्याचा वास सुटला.

"अहो, बंद करा आधी!" प्रांजल ओरडली. तो काय बंद करणार? डबा आपणच बंद झाला होता.

नितेशने डबा खोलला, पुसला, लॅपटॉपला लावून बघितला. मग कपाळाला हात लावून बसला.

"दोन्ही गेल्या, आई."

"एक गेली तर दुसरी म्हणालास ना?"

"एकाच डब्यात होत्या गं."

"एका होडीत दोन भाऊ बसवलेस, आणि होडी बुडाली तर एक वाचेल म्हणतोस?"

बोलले, आणि लगेच मुलुंडच्या डब्याचं विचारलं. नितेशने मोबाईलवर मुलुंडचा डबा बघितला. तोही उत्तर देईना. मी मनालीला फोन लावायला सांगितलं.

"तो होय?" ती म्हणाली. "गणपतीआधी घराला रंग काढला ना, तेव्हा काढला. साडीत गुंडाळून कपाटात ठेवलाय."

"बंद ठेवलास? ताई, मग त्यात काही उतरलंच नाही!"

"सणाच्या दिवशी खेकसायला फोन केलास का रे?"

मी फोन ओढून घेतला. "रंग काढायच्या आधीचं तरी असेल ना गो त्यात?"

"असणारच. त्याला कोण खातंय?"

ह्यांचा आवाज तर त्याच्याही आधीचा. मी पायात चपला सरकवल्या. "रिक्षा बघ. सोनं द्यायला तसंही जायचंच आहे."

मुलुंडला जावयांनी, चंद्रप्रकाशांनी, डबा लावूनच ठेवला होता. हिरवा दिवा लुकलुकत होता. नितेशने मोबाईलवर शोधून शोधून बोट दाबलं, आणि ह्यांचा भरदार आवाज खोलीभर झाला, "बा देवा म्हाराजा..." मी पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला, जावयांसमोर कशाला?

"आत्ताच्या आत्ता माझ्यासाठी कॉपी काढतो," नितेश म्हणाला.

"माझ्याकडचं आहे. आधी माग," मनाली म्हणाली.

"दे ना गं ताई."

"आता कसं! उगाच म्हणत होतास ना?"

"काढशील नंतर. आधी बस खाली आणि पाठ कर," मी म्हटलं. "दिवाळी कुणी बघितलीय?"

बसला बिचारा. हे एक ओळ म्हणायचे, हा मागून म्हणायचा. चुकला की मनाली टोकायची, "वाटेतला राखणदार देव गाळलास. तो रुसला तर घरी कसा येशील?" मी पुन्हा लावायला सांगायची. प्रांजल हसत होती. बाहेर माणसं सोनं वाटत फिरत होती, आमची पुरणपोळी गार होत होती, कुणाला भान नव्हतं.

शेवटी नितेशने आवाज बंद करायला लावला. उभा राहिला, हात जोडले आणि एकट्याने सुरुवात केली. मध्ये अडखळला, सावरला, पार शेवटापर्यंत गेला. गळा बापासारखा नाही त्याचा, जरा पातळच. पण देवापर्यंत पोचेल.

तो थांबला, तशी सगळ्यांच्या आधी मी म्हटलं, "व्हय म्हाराजा!"