पट्ट्यापट्ट्यांचा मका

"घरी कामं नाहीत का या लोकांना? गोगलगायसुद्धा पुढे निघून जाईल," ओसरीवरच्या खुर्चीत आर्विड पुटपुटला.

शेजारी वाटाणे सोलत बसलेल्या इडेलाने, त्याच्या बायकोने, मान वर केली नाही. चर्च सुटलं की मिनेसोटातल्या त्या भागात माणसं गाड्या काढून एकमेकांची पिकं बघत हिंडतात. आर्विडने जन्मभर तेच केलं होतं. यंदा मात्र प्रत्येक गाडी त्यांच्याच मक्यापाशी येऊन रांगायला लागायची.

कारण मक्याला पट्टे पडले होते. उभ्या पिकाला खत देताना आर्विडने एक पट्टा वगळला होता आणि दुसऱ्यावरून दोनदा गेला होता. तणनाशकाचीही तीच तऱ्हा. त्यामुळे एक पट्टा हिरवागार, एक पिवळा, एक करपलेला, आणि एकात तर वासरू हरवेल एवढं तण. रान कसलं, वाळत घातलेला पायजमा.

हे पंचक्रोशीत एकट्या आर्विडलाच माहीत नव्हतं.

"कौतुकाने बघतायत गं," त्याने शेवटी ठरवून टाकलं आणि तो गाड्यांना हात करायला लागला. गाडीतलेही बिचारे हात करायचे. तिथे तोंडावर वाईट बोलायची रीत नाही. फारच झालं तर "वेगळंच आहे हं" म्हणतात, आणि तेवढ्यावरून दोन घरांचं येणंजाणं थांबतं. खतवाला येऊन, टोपी काढून, डोकं खाजवून म्हणाला होता, "देशाची सरासरी कशी काढतात, आर्विड? सगळं खत घ्यायचं, लागवडीच्या सगळ्या जमिनीने भागायचं. तसं बघितलं तर तुझं अगदी बरोबर बसतंय."

त्या दिवसापासून आर्विड जमिनीच्या वीतभर वरून चालत होता.

संध्याकाळी शेजारचा लेस्टर आंबट रुबार्बचा केक खायला आला, तर आर्विडने त्याच्या पाठीवर थाप मारली. "बुधवारी तुझं सोयाबीन मी फवारून देतो. शेजारधर्म."

लेस्टरचा घास घशातच अडकला. "बुधवारी वारा असतो."

"मग गुरुवारी."

"गुरुवारी आमच्या नोरीनने पाळलेल्या मधमाश्या बाहेर असतात."

"त्यांना सांग, एक दिवस घरात बसा."

"माझं सोयाबीन जरा लाजाळू आहे, आर्विड. परक्या माणसाची सवय नाही त्याला."

"मी परका?"

"नाही, नाही. तसं नाही," म्हणत लेस्टरने इडेलाकडे पाहिलं, चिखलात रुतलेल्या बैलासारखं.

इडेलाला हसू आलं आणि लगेच विरलं. लेस्टरच्या तोंडून "नको" काही निघणार नव्हतं. त्याचं रान उतरत उतरत थेट ओढ्याच्या कड्याशी संपायचं. पिकाची ओळ चुकली तर मका पिवळा पडतो; कडा चुकला तर? आणि झाकून न्यायला तीही काही कमी नव्हती. पेपर वाचून दाखवताना "हल्ली छापतातच बारीक" म्हणायची. गाडी आपणहून चालवायला घ्यायची. कप त्याच्या हाताशी सरकवून ठेवायची.

"मग गुरुवारी नक्की," आर्विड म्हणाला. "सकाळी ट्रॅक्टर घेऊन येतो."

लेस्टरने मान डोलावली. आता आणखी काय करणार बिचारा.

इडेलाने किटली खाली ठेवली आणि आर्विडचा हात हातात घेतला.

"तू कुठे जाणार नाहीस," ती म्हणाली. "आर्विड, तुला दिसत नाही."