एकशे त्रेचाळीस खडक

मितेशने बोईसरच्या आपल्या दुकानातून बोटीचं जीपीएस यंत्र परत पाठवलं तेव्हा त्याची स्क्रीन नव्यासारखी चकचकीत होती आणि आत काहीच नव्हतं. कमलाकांतने बोटीवर ते चालू केलं, खुणांचं पान उघडलं. पान कोरं. नवापूरसमोरच्या समुद्रात जाळं कुठे फाटतं, बोटीचा पंखा कुठे आपटतो, अशा एकशे त्रेचाळीस जागा त्यात होत्या. कैक वर्षं जाळी फाडून घेऊन कळलेल्या.

"अडकत होतं ना, म्हणून त्यानं सगळं पुसून नव्यानं चालू केलं," दर्पण म्हणाला. यंत्र दुकानात देऊन आलेला तोच, कमलाकांतचा धाकटा मुलगा. "मला इचारलं होतं त्यानं. मी म्हटलं, कर."

"कर म्हटलंस?"

"आतलं जाईल, हे मला काय म्हाईत?"

कमलाकांत बोटीवरून उतरला. मासेमारीची बंदी उठायला चार दिवस होते.

संध्याकाळी थोरली मुलगी हेमाली कामावरून आली. तारापूरच्या औषधांच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. तिने चपला काढल्या न काढल्या तोच बाप म्हणाला, "खडकांचं तुज्याकडं काय ऱ्हायलंय का बघ."

हेमाली उभीच राहिली. अकरा वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, बापाच्या दमट वह्या मांडीवर घेऊन तिने एकेक आकडा टाइप केला होता. तीन आठवडे लागले होते. त्या वह्या पुढे कुजून गेल्या. सगळं यंत्रात चढलं, त्या वर्षी आपलं जाळं एकदाही फाटलं नाही, आणि कमलाकांत गावभर सांगत सुटला की आमच्या दर्पणनं केलं. दर्पण तेव्हा सातवीत होता. हेमालीने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, मासळीचा लिलाव चालू असताना, वीस माणसांत.

"आता आठवली मी," ती म्हणाली.

"राग मागनं कर," आई, नलू, आतून म्हणाली. "आधी शोध."

"मागनं म्हणजे कदी, आई? अकरा वर्सं झाली."

हेमालीने कपाट उघडलं, गुणपत्रिकांच्या फायलीतून एक सीडी काढली. खडकही त्यात होते आणि ते यंत्रात चढवायचा प्रोग्रामही.

पण सीडी असून उपयोग नव्हता. यंत्र फक्त जुन्या नऊ टोकांच्या केबलवर ऐकायचं, आणि तशा केबलची जागा एका जुन्या लॅपटॉपलाच होती. वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या एका साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांच्याकडून घेतलेला तो पातळ लॅपटॉप. त्याला सीडी घालायची जागाच नव्हती, फ्लॉपीची तर नव्हतीच. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह दर्पणने भंगारात दिला होता. पेनड्राइव्हची दोन्ही भोकं खाऱ्या हवेने गंजली होती.

"आतल्या डिस्कवर माजी फाइल होती," हेमाली म्हणाली.

दर्पण भिंतीकडे बघत राहिला. "पिच्चर ठेवायला जागा नव्हती."

"म्हंजे हेबी तूच पुसलंस."

तिने मितेशला फोन लावला.

"ताई, जुन्याच्या मागे कशाला लागता? नवीन यंत्र घ्या ना."

"नव्या यंत्रात आमचे खडक येतात का?"

"पण मी विचारूनच केलं. तुमच्या भावानं हो म्हटलं."

"त्याला कळत असतं तर तो तुमच्याकडे आला असता का?" तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कॉम्प्युटर बघणाऱ्या प्रणवला तिने सगळं सांगितलं. त्याने सीडी स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घेतली.

"जुन्याला इंटरनेटची वायर लावायची जागा आहे?"

"आहे."

"मग दोन्ही एकमेकांना जोड," असं म्हणून त्याने स्वतःचा लॅपटॉप आणि एक निळी वायर तिच्या पिशवीत घातली.

घरी तिने जमिनीवर दोन्ही लॅपटॉप समोरासमोर मांडले. वायर लावली, दोघांचे नेटवर्कचे नंबर हाताने भरले. जुन्याने पासवर्ड मागितला आणि दिलेला नाकारला. पुन्हा दिला, पुन्हा नाकारला. कमलाकांत दारात येऊन विचारून गेला, झालं का. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, दर्पणला बोलवा. त्यानंच केलं होतं ना?"

तो पुन्हा विचारायला आला नाही.

शेवटी प्रणवने फोनवरून वाट दाखवली. नव्या लॅपटॉपने फायली वेबसाइटच्या पानासारख्या मांडायच्या आणि जुन्याने त्या डाउनलोड करायच्या, पासवर्डचं कामच नाही. तसं केल्यावर दोन्ही फायली अर्ध्या मिनिटात आल्या. हेमालीने आकडे मोजले. एकशे त्रेचाळीस.

जुन्याची बॅटरी मेलेली होती, त्यामुळे तो बोटीवरच्या विजेवर चालवावा लागणार होता. रविवारी सकाळी ती लॅपटॉप छातीशी धरून धक्क्यावर गेली. त्यांच्या घरातल्या बाया बोटीवर चढत नसत. कमलाकांतने हात पुढे केला.

"दे इकडं. दर्पण लावील."

"दर्पणनं दोनदा पुसलंय. मी लावीन."

"हेमाली."

"नायतर हा घेऊन मी घरी जाते."

बोटीवर खलाशी जाळी चढवत होते. त्यांचे हात थांबले. कमलाकांत बाजूला झाला, आणि ती फळीवरून चढली.

केबल लावून खडक पाठवायला वीस मिनिटं लागली. कमलाकांतने मागून सांगितलं, "मधला दात काढ." तिने त्या नावाचा खडक स्क्रीनवर काढला. त्याने आकडे ओठांत पुटपुटत आठवणीशी ताडून बघितले आणि मान हलवली.

तांडेल पुंडलिक, बोट चालवणारा, आत डोकावला. "आले काय सगले? दर्पणनं परत कमाल केली."

दर्पणने खाली बघितलं. हेमालीने केबल काढली नाही, मान वळवून सरळ बापाकडे बघितलं.

"तिनं केलं," कमलाकांत म्हणाला.

"आज?"

"आजबी आन् तवाबी." त्याचा आवाज चढला, जणू पुंडलिकनेच काही गुन्हा केला होता. "पोराचं नाव मी सांगत होतो. खोटं सांगत होतो. झालं?"

हेमालीला वाटलं होतं की हे ऐकलं की आपला राग उतरेल. तो उतरला नाही. उलट एवढं सोपं वाक्य बोलायला या माणसाला अकरा वर्षं लागली, म्हणून तो आणखी चढला. तिने केबल गुंडाळली.

"नवा खडक लागला की मला फोन करायचा," ती म्हणाली. "दर्पणला नाय. मला. फाइल माज्याकडं ऱ्हाईल."

"करीन," बाप म्हणाला.

बंदी उठल्यावर आठव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, तिचा फोन वाजला. मागे इंजिनाची घरघर होती. घिवलीच्या समोर जाळं अडकलं होतं, अर्धं गेलं होतं. कमलाकांत अडखळत यंत्रावरचे आकडे वाचत होता. हेमालीने डब्याच्या झाकणाशेजारी वही उघडली आणि लिहून घेतले. पहिल्याच वेळी तिला नीट ऐकू आलं होतं. तरी तिने त्याला ते आकडे तीनदा सांगायला लावले, आणि त्याने तीनदा सांगितले.