जाड आट्याचे चार बोल्ट

नट दोन फेरे गेला आणि अडला.

शहादेवने जोर केला नाही. जोर करणाऱ्यांनीच या गाडीची वाट लावली होती. त्याने नट उलटा फिरवून काढला, बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासला आणि आटे मोजायचं गेज उघडलं. अडकित्त्याएवढं हत्यार, त्यात पंख्यासारखी उघडणारी दातेरी पानं. एकेक पान बोल्टवर टेकवून तो उजेडाला धरू लागला. पान आणि बोल्ट यांच्यामधून उजेड दिसला की पान चुकलं.

कोल्हापुरी चपला करकर वाजवत मोहनराव आले आणि खुर्ची ओढून बसले.

“अजून बोल्टच बघतोस? सोयरीक जुळवतोस का काय?”

“न जुळवता घातलं की काडीमोडच हाय, मोहनराव. ह्या गाडीत लई झाल्यात.”

गाडी एमजी. अठ्ठेचाळीस सालची, विलायती, दोन माणसांची, वरून उघडी. मोहनरावांचे वडील सुंदरराव यांनी ती हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून घेतली होती. सुंदरराव म्हणजे साखर कारखान्याचे पहिले चेअरमन, आता जन्मशताब्दी. शहादेवच्या गॅरेजसमोरच कारखान्याचं फाटक होतं. तिथे फडक्यात गुंडाळलेला पुतळा तयार होता आणि शेजारी काचेच्या खोलीत ही गाडी उभी राहणार होती. पुण्याहून जुन्या गाड्यांचा एक जाणकार तपासायला येणार, म्हणून एकेक बोल्ट मूळचा हवा होता. गावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. पुतळ्याच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर मात्र सकाळ-संध्याकाळ पाणी मारत होते.

या गाडीने शहादेवला वेड लावलं होतं. इंजिनच्या बोल्टांची डोकी इंची पान्याला बसायची आणि आटे मात्र मिलीमीटरचे. सांगाड्यावर बारीक इंची आटे. दिव्यांच्या आणि मीटरच्या स्क्रूंचं तिसरंच काहीतरी. आधी त्याने शिव्या घातल्या, मग त्याला गोडी लागली. कोणता तुकडा कुठल्या घरचा, हे आट्यावरून वाचता येत होतं.

पण इंजिन सांगाड्याला धरणारे पुढचे चार बोल्ट यांतल्या कुठल्याच घरचे नव्हते. इंचाला बावीस आट्यांचं पान लागलं नाही, विसाचं नाही. सोळाचं पान असं बसलं की उजेडाची रेघ उरली नाही.

“हे गाडीचे न्हाईत.”

“मग कुणाचे?”

“जाड इंची आटा हाय. इथं अडीच सुती बारीक आट्याचे बोल्ट असणार; आठ सूत मंजी एक इंच. कुणीतरी भोक तीन सुती करून नवे आटे पाडलेत. काम मात्र लई सुबक.”

“फेकून दे. मूळचे बसव.”

“कुणी केलं, कावून केलं, बघायचं न्हाई?”

“तुला बघायचं तर बघ बे. मला मंगळवारी गाडी उभी पाहिजे.” मोहनराव करकरत निघून गेले.

शहादेवने बोल्टांची डोकी घासायला घेतली. काळं चिकट ग्रीस निघालं आणि खाली लोखंडी पंच ठोकून मारलेली टिंबं दिसली. एकावर एक, दुसऱ्यावर दोन, मग तीन, मग चार. त्याचा ब्रश थांबला.

अशी टिंबं त्याचा बाप तात्याबा मारायचा; शहादेव त्याला अण्णा म्हणायचा. जो बोल्ट ज्या भोकातून निघाला तो त्याच भोकात परत गेला पाहिजे, हा तात्याबाचा नेम. घरातल्या खाटेच्या पायांनाही त्याने टिंबं मारून ठेवली होती. बहात्तरच्या दुष्काळात तो उपसा सिंचन संस्थेच्या विहिरीवर इंजिन चालवायचा. त्याच वर्षी पंपाच्या झाकणाचे चार बोल्ट गायब झाले. इंजिन धडधडायचं, पण पंप हवा ओढायचा. बायका घागरी घेऊन उन्हात बसून राहायच्या. किल्ली तात्याबाकडे, म्हणून चोर तात्याबा. संस्थेने त्याला काढलं; नवे बोल्ट मात्र कुणी आणलेच नाहीत. पुढच्या दिवाळीपासून घराला कुलूप आणि हातात ऊसतोडीचा कोयता.

‘माझ्या बापानं बोल्टाला हात लावला न्हाई.’ शाळेत असताना शहादेवने या वाक्यापायी एकाचा दात पाडला होता. वयाची पन्नाशी आली तरी त्याचं वाक्य तेच होतं.

चारही बोल्ट खिशात घालून तो विहिरीकडे निघाला.

संस्था अवसायनात निघाल्यापासून तिचं इंजिन ना चालत होतं ना कोणाला विकता येत होतं. पंपघराला वेड्या बाभळींनी गिळलं होतं. काटे बाजूला सारून शहादेव आत शिरला. झाकणावरची चार भोकं बुजलेली दिसली. प्रत्येकाशेजारी टिंबं होती. त्याने स्क्रू-ड्रायव्हरने एक भोक उकरलं. माती नव्हती. घट्ट वळलेली, ग्रीस लावलेली चिंधी निघाली. आत आटे चकाकत होते.

त्याने एका टिंबाचा बोल्ट लावला. दोन बोटांनी फिरवला. कुठेही न अडता तो शेवटपर्यंत गेला.

शहादेव तिथेच खाली बसला. चोर भोकाला ग्रीस लावून जात नाही. ज्याला बोल्ट परत आणायचे असतात तोच लावतो. चिंधी त्याने उलगडली. ग्रीसखाली लाल काठ होता.

घरी भिवराबाई सुपात ज्वारी निवडत होती. त्याने आईच्या हातात चिंधी ठेवली. तिने ती बोटांत चोळली, डोळ्यांजवळ नेली.

“माझ्या लुगड्याची हाय.”

“मंजी अण्णांनीच काढले?”

“मग काय भुतानं?” ती सूप पाखडत म्हणाली. “सुंदररावाच्या गाडीचं इंजिन लोंबत हुतं. त्याला कारखान्याच्या परवान्यासाठी मुंबई गाठायची. म्हणला, तात्याबा, पंपाचे बोल्ट गाडीला बसव, दोन दिसांत परत आणतो. विहीर तवा कोरडीच हुती. मग सुरुंग लावले, पाणी लागलं. आन गाडी मुंबईत.”

“परत आल्यावर?”

“परत आला त्यो गळ्यात हार घालून. हार घातलेल्या मानसाला बोल्ट कोन मागतं?”

“अण्णांनी बी न्हाई मागितले?”

“मागितले की. त्यो म्हणला, काढलेस तूच ना? आता खोटं कसं म्हणावं?”

“आन मला कावून न्हाई सांगितलं? मी जन्मभर बोंबलत फिरलो, हात लावला न्हाई म्हणून!”

भिवराबाईने एक खडा उचलून बाहेर टाकला.

“तू भांडून आलास की त्या दिशी तुजा बाप पोटभर जेवायचा.”

मंगळवारी ऊन कलताना मोहनराव आले. गाडीच्या मोठ्या झालेल्या भोकांत नळीसारखे बुश बसवून शहादेवने पुन्हा अडीच सुती बारीक आटे पाडले होते. चार नवे बोल्ट चमकत होते. मोहनरावांनी वाकून पाहिलं, बोट फिरवलं.

“झकास. जुने फेकलेस ना?”

“न्हाई. जिथले हुते तिथं बसवले.”

“कुठले होते रे?” मोहनरावांना आता खरंच उत्सुकता वाटत होती.

शहादेव फडक्याने एकेक बोट पुसत राहिला. ते जुनं वाक्य तोंडाशी आलं होतं. त्याने ते गिळलं.

“उपसा संस्थेच्या पंपाचे. काढले माझ्या बापानं. कुणासाठी काढले ते तिथं गेल्यावर सांगतो. चला.”

मोहनराव हसले नाहीत. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग फाटकाकडे. तिथे एक माणूस नळी धरून चौथरा भिजवत होता.

“आत्ता?”

“आत्ता. उजेड हाय तवर.”

शहादेव निघाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. वेड्या बाभळी लागल्या, तेव्हा त्याला मागे चपलांची करकर ऐकू आली.