वारंगा फाट्यावरचा पिकअप

मी एक जुना पिकअप आहे. मित्रांनो, नाव ऐकून लगेच माझी चाकं शोधू नका. हळदीची पोती वाहणारी गाडी ती वेगळी. मी इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसतो. आत चुंबक आणि भोवती तांब्याची तार, एवढाच माझा संसार. वरची तार थरथरली की माझ्या पोटात वीज जागी होते, ती अ‍ॅम्पमध्ये जाते, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीत, आणि मग भिंती हलतात. भिंती हलवणं हेच माझं काम आहे, आणि त्याबद्दल मी कोणाची माफी मागत नाही.

माझा जन्म २००४ साली वारंगा फाट्यावर, धनसिंग राठोड यांच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात झाला. पंपांच्या जळालेल्या मोटारी तिथे नव्याने गुंडाळून मिळत. धनसिंगची मुलगी शितल जवळच्या तांड्यावरून हिंगोलीला कॉलेजात जायची. बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राची गिटार आणि अ‍ॅम्प तिच्या हाती लागले होते. तिच्या वर्गातला अनिरुद्ध ड्रम वाजवायचा. त्याने दिलेल्या हेवी मेटलच्या कॅसेटी ऐकून ऐकून तिला दुसरं काही गोडच लागेना. दोघांनी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तसंच एक स्वतःचं गाणं वाजवायचं ठरवलं.

घोडं अडलं ते गिटारपाशी. माझ्या जागी तेव्हा एकाच गुंडाळीचा पिकअप होता. सिनेमाची गाणी तो फार छान वाजवायचा, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण हेवी मेटलला आवाज जाड, दाट आणि खरखरीत लागतो. तो मिळवायला अ‍ॅम्पचं बटण पूर्ण फिरवलं, की गिटारच्या आधी ट्यूबलाइट आणि पंखेच त्यातून बोलायला लागत. नुसतं घूं घूं. गॅदरिंगचे प्रमुख माणिकराव सर तालमीला आले आणि त्यांनी कानांवर हात ठेवले.

"ही काय पिठाची गिरणी आणलीत? घूं घूं बंद झाली नाही तर तुमचा कार्यक्रम रद्द. आणि शितल, तू आपलं एखादं भावगीत म्हण. गिटार अनिरुद्धकडे दे."

"घूं घूं बंद केली तर मीच वाजवीन ना सर?" शितलने विचारलं.

"आधी बंद करून तर दाखव," सर म्हणाले.

झालं! सगळं येऊन पडलं माझ्यावर, आणि मी तर अजून जन्मलोही नव्हतो.

अनिरुद्धने तोडगा सांगितला. दोन गुंडाळ्यांचा पिकअप हवा. एकीतली घूं दुसरीतल्या घूंला मारते आणि तारांचा आवाज तेवढा उरतो. पुण्याचा मावसभाऊ तसा पिकअप बसने पाठवणार होता. पण वाट बघत बसणं शितलच्या स्वभावात नव्हतं.

"बा, दोन गुंडाळ्या आपून इथंच करू की," ती वडिलांना म्हणाली.

"मोटारीची तार जाड पडती पोरी," धनसिंग म्हणाले.

मग शितलने पंपाच्या पेटीतल्या एका जुन्या रिलेमधून केसासारखी बारीक तार सोडवली. फुटक्या भोंग्याच्या चुंबकाचा तुकडा घेतला. गुंडाळायच्या यंत्राचा दांडा फिरवताना तार तुटायची, ती दात-ओठ खाऊन पुन्हा जोडायची. वेढे कमी पडले तर आवाजाला जोर नाही, फार झाले तर आवाज गढूळ. गुंडाळ, वाजव, सोडव, पुन्हा गुंडाळ. माझ्या अंगातली प्रत्येक तार त्या पोरीच्या हट्टाची आहे.

शेवटी मला जोडायची वेळ आली आणि बापलेकींनी सवयीने मोटारीसारखं जोडलं. मोटारीत सगळ्या गुंडाळ्यांनी एकाच दिशेला जोर लावायचा असतो. पण माझ्या दोन गुंडाळ्यांखाली चुंबकाची टोकं एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून जोडणीही उलट हवी. बटण दाबलं तर तारांचा आवाज गायब आणि घूं घूं दुप्पट!

"पोरी, पंपच चालू झाला की हा," धनसिंग म्हणाले, आणि दोघं पोट धरून हसले. मला मात्र भयंकर लाज वाटली. मग शितलने एका गुंडाळीच्या दोन्ही तारांची अदलाबदल केली. घूं घूं गप्प झाली. तिने एक सूर छेडला आणि खिळे ठेवलेला डबा फळीवरून खाली आला. तो माझा पहिला शब्द.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी तांड्यावर एक गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर देविदास खाली उतरला. "माल कुठं हाय?"

"कसला माल, काका?" शितल म्हणाली.

"अनिरुद्धचा फोन व्हता म्हणं फाट्यावर, शितलकडं पिकअप पाठवा म्हणून. फोनच्या बूथवाल्यानं मला धाडलं."

शितलला हसू आवरेना. अनिरुद्धला बसने बूथवर आलेला पुण्याचा पिकअप म्हणायचं होतं, बूथवाल्याला गाडीच कळली. पण तिचा अ‍ॅम्प एवढा बोजड होता की एसटीचा कंडक्टर तो घेईना, आणि सकाळपासून तिला तीच काळजी होती. "हा बघा माल," ती म्हणाली. अ‍ॅम्प, गिटार आणि धनसिंग, सगळे गाडीत चढले. बूथवर पुण्याचं पार्सल पडून होतं, तेही घेतलं.

हिंगोलीत अनिरुद्धने पार्सल फोडलं. आतला पिकअप नवाकोरा आणि चकचकीत होता. "हा बसवू पटकन. तुझा शेवटी घरचाच."

मला झोंबलं. घरचा म्हणजे काय, कमी?

"आधी ऐक, मग बोल," शितल म्हणाली. तिने बटण पूर्ण फिरवलं. घूं नाही की चूं नाही. मग तिचा हात तारांवर पडला. अनिरुद्धने नवा पिकअप पिशवीत ठेवला.

तेवढ्यात माणिकराव सर आले. "घूं घूं गेली, उत्तम. आता गिटार अनिरुद्धकडे दे. पाहुण्यांसमोर मुलीने असलं वाजवणं बरं दिसत नाही."

"सर, तुमीच बंद करून दाखव म्हणले. आमी केली. आता काहून देऊ? मी न्हाई देत."

सरांनी शिपायाला अ‍ॅम्प उचलायला सांगितलं. तर देविदास मध्ये येऊन उभा राहिला. "हात लावू नका. माल माझ्या गाडीतून आला. वापस घरी उतरंपर्यंत जिम्मेदारी माझी." धनसिंगही त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. शिपाई सरांकडे बघत राहिला, आणि अनिरुद्धने ड्रमच्या काठ्या आपटून ताल सुरूच केला.

मग मी ओरडलो. पुढच्या खुर्च्यांवरचे दोन पाहुणे उठून गेले. जाऊ द्या! मागची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मुलींच्या रांगेतून शिट्टी आली आणि सर वळून बघेपर्यंत दुसरी आली. गिटार शेवटच्या सुरापर्यंत शितलच्याच हातात होती.

पुढे शितलला नोकरी लागली, लग्न झालं. काही वर्षं मी खोळीत, पलंगाखाली काढली. माझ्यावर गंज चढला. परवा शितलने गिटार दुरुस्तीला नेली, तर दुरुस्तीवाला म्हणाला, "हे भंगार काढून नवं टाकू." शितलने त्याच्या हातून गिटार घेतली आणि वाजवून दाखवली. त्याने पेचकस खिशात घातला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या असं सगळेच सांगतात. मीही सांगतो, पण मला फडक्यात गुंडाळून कपाटात जपू नका. ती काळजी नव्हे, ते गप्प बसवणं आहे. मला वाजवा. एखाद्याचा आवाज तुमच्या कानांना सोसत नसेल, तर खुशाल उठून बाहेर जा. त्याचं बटण मात्र कमी करू नका.